सुतळीतली चिंबोरी

दिल्लीत चिंबोरी भेटते ती चित्तरंजन पार्कच्या मासळीबाजारात. नांग्या सुतळीने आवळलेल्या, पाठीवर खाडीचा सुकलेला चिखल, आणि तोरा असा की बांधून ठेवलंय ते तुम्हालाच. जवळ गेलात की आधी डोळे उठतात. खोबणीतून दोन दांडे ताठ होतात, मग नांग्या सुतळी देईल तेवढ्या वर. तुमचं बोट अजून लांब आहे की टप्प्यात आलंय, याचा हिशेब बाईंनी तेवढ्यात मांडलेला असतो.

हा हिशेब होतो कुठे? बराचसा त्या दांड्यातच. टोकाला असंख्य बारीक भिंगांचा डोळा आणि त्याच्या पोटाशी मज्जातंतूंचे थर, एकाखाली एक. म्हणजे मेंदूचा मोठा वाटा तिने डोक्याबाहेर, काठीवर टांगलाय! अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसला संशोधक डॅनिएल टॉमसिक आणि त्यांचे सहकारी तिच्या एका लांबच्या, दलदलीतल्या भाऊबंदाच्या या थरांत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून बसले. हलत्या वस्तूला दाद देणाऱ्या बहुतेक पेशींपर्यंत दोन्ही डोळ्यांची खबर पोचते, हे त्यांनी २०१८ साली दाखवलं. डावा काय बघतो ते उजव्याला कळतं. डोळे एकमेकांपासून लांब असले की दोघांना दिसणारं चित्र जरा वेगळं असतं, आणि भक्ष्य जितकं जवळ तितका तो फरक मोठा. अंतर काढायला लागणारा कच्चा माल हाच.

या भाऊबंदाची रीत सरळ आहे. छोटं काही हललं तर त्याच्या मागे धावायचं, मोठं हललं तर पळायचं. पण निकालात पोटाचंही मत असतं. उपाशी असला की तो जास्त धीट होतो.

ठाण्याच्या खाडीतला, एकच नांगी अवाढव्य असलेला छोटा खेकडा निराळ्या घराण्यातला. त्याचे डोळे उंच दांड्यांवर, पण अगदी शेजारी शेजारी. म्हणून अंतरासाठी तो भिस्त ठेवतो क्षितिजावर. सपाट चिखलात जवळची वस्तू क्षितिजाच्या बरीच खाली दिसते, लांबची त्याला चिकटून. जानेवारीच्या धुक्यात दिल्लीला आला असता तर बिचाऱ्याचं कठीण होतं.

आमची चिंबोरी मात्र सगळं डोळ्यांवर सोपवत नाही. ती हिंडते रात्री, गढूळ पाण्यात, आणि कालवं-शिंपले काही पळून जात नाहीत. पायांची टोकं टेकवत, त्यांनीच चव घेत ती जेवण शोधते. डोळे बरेचसे राखून ठेवलेत ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. मला हा व्यवहारीपणा आवडतो.

विकत घेणार असाल तर डोळ्यांपाशी हलकेच एक काडी न्या. दांडे झटकन खोबणीत गेले तर चिंबोरी जिवंत आहे. लोंबत राहिले तर दुसरी मागा. आणि घरी पोचेपर्यंत सुतळी सोडू नका.