पायाखालचे खडक, ओट्यावरचे खडक

शाळेत तीन प्रकार घोकले: अग्निज, गाळाचे, रूपांतरित. महाराष्ट्रात मात्र बहुतेक ठिकाणी खणलं की एकच लागतो, काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. बाकीचे दोन आपण बहुधा ट्रकमधून मागवतो आणि घरात बसवतो.

•

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून. उसळण्यापेक्षा पसरलाच जास्त, थरावर थर. झिजून झिजून आज उरलाय तोही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर.

घाटात कापलेल्या कड्यात मधेच एक आडवा लाल पट्टा दिसतो. खालच्या थराची ऊनपावसाने माती झाली, तिच्यातलं लोह गंजलं, मग वर पुढचा लाव्हा येऊन बसला. म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधे माती तयार होण्याइतकी उसंत होती. मला कड्यापेक्षा हा पट्टाच जास्त बोलका वाटतो.

•

विहीर खणताना मुरूम असतो तोवर आशा असते. सलग पाषाण लागला की मालकाचा चेहरा उतरतो. त्या दगडात पाणी धरायला जागाच नसते. सांध्याफटींत असेल तेवढंच.

काही थरांत मात्र वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत पुढे खनिजं साचली: गारगोट्या, झिओलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंभोर कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. आपण तिथून खडी नेली.

•

पाटा बेसाल्टचा. लाव्हा उघड्यावर भराभर थिजला म्हणून कण बारीक. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो आणि पुन्हा टाकी लावावी लागते. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थंड होतो, त्यामुळे त्याचे कण डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. दुकानातला कुळकुळीत ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. ओट्याला त्याने काही बिघडत नाही.

•

जांभा. कोकणातल्या मुसळधार पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. खाणीत चिरा कापायला मऊ, उघड्यावर ठेवला की टणक. हा ना धड अग्निज, ना गाळाचा, ना रूपांतरित. पुस्तकातले तीन कप्पे इथे अपुरे पडतात, आणि घरं तर कोकणात बरीचशी याचीच.

•

मुंबईतही गाळाचे खडक आहेत. वरळीला लाव्हाच्या थरांमधे गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर आहे. त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. पुढचा लाव्हा येईपर्यंत तिथे दलदल होती, बेडकांना पुरेल एवढी.

•

शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, कडप्पा आंध्रातला. दोन्ही चुनखडक, दोन्ही आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने. पाण्याखाली थराथराने साचले, म्हणून तर त्यांच्या सपाट लाद्या निघतात. असाच चुनखडक जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटला की संगमरवर होतो. रूप पालटलं तरी आम्लाशी वैर तेच. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडून राहिलं की पांढुरका डाग पडतो. तो मळ नव्हे, तिथला दगडच किंचित विरघळलेला असतो. घासून जात नाही, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं.