केशरी चोचीची, रानातली चिमणी

आधी दिसली ती फक्त चोच. झेंडूच्या फुलासारखी भडक केशरी! कोस्टा रिकातल्या ला सेल्वाच्या रानात भर दुपारीही झाडांखाली अंधारूनच असतं, आणि त्या अंधारात ओल्या पाचोळ्यावर ती चोच एकटीच टुणटुण उड्या मारतेय असं वाटलं. दुर्बीण स्थिरावली तसं बाकीचं उलगडत गेलं. काळं डोकं, डोळ्यावरून मागे गेलेली लांब पांढरी भुवई, पांढरा गळा, छातीवर काळा पट्टा, शेवाळी पाठ, पंखाच्या वळणावर पिवळ्याची एक रेघ. टुकान बघायला निघालेली बाकीची मंडळी पुढे गेली, मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. आमचा वाटाड्या मागे वळला, हसला आणि म्हणाला, "ही इथली चिमणी."

चिमणी? अहो, चिमणी वळचणीला राहते, आरशावर चोच मारते, दाणे टिपते! रानात इतक्या आत, सावलीत पाचोळा उलथून किडे शोधणारी, जमिनीवर छप्पर असलेलं घरटं बांधणारी ही कुठली चिमणी? नाव आरेमॉन ऑरांटिरोस्ट्रिस. त्या रात्री झोप कुठली लागतेय! संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात फोन घेऊन बसलो आणि एकातून एक दारं उघडत गेली.

आपल्या चिमणीशी हिचं घराणं जुळतच नाही. आपली चिमणी पॅसेरिडी कुळातली, मूळची जुन्या जगातली. अमेरिकेत तिला माणसांनीच नेलं, १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सोडली. रानातली ही चिमणी पॅसरेलिडी कुळातली. हे कुळ अमेरिका खंडांचं, सव्वाशेहून जास्त जातींचं. गंमत म्हणजे बरीच वर्षं या चिमण्या भारिटांच्या कुळात गणल्या जात. हो, हिवाळ्यात महाराष्ट्राच्या शेतांवर थव्यांनी उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट, त्याच्याच! डीएनएचा अभ्यास झाला, वेगळेपण स्पष्ट झालं, आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञांच्या यादीने २०१७ साली त्यांना स्वतंत्र कुळ दिलं. उलट, कालपर्यंत टॅनेजर समजले जाणारे क्लोरोस्पिंगस पक्षी या कुळात येऊन बसले.

पण मला खरं वेड लावलं ते आरेमॉन टॉर्क्वाटसने. कोस्टा रिकापासून थेट अर्जेंटिनापर्यंतच्या डोंगरांत, ढगांनी ओथंबलेल्या जंगलांत राहणारी, डोक्यावर पट्टे असलेली ही एकच जाती मानली जायची. २०१० साली कोलंबियाचे कार्लोस दानियेल कादेना आणि आंद्रेस कुएर्वो यांनी तिचे जनुकीय धागे, अंगाची मापं, राहण्याची जागा आणि गाणी हे सगळं एकत्र तपासलं. उत्तर आलं: आठ जाती! एक सांता मार्ताच्या पर्वतात, एक पेरिहाच्या रांगेत, एक काराकासच्या डोंगरांवर, एक पारियाच्या द्वीपकल्पात. मधल्या खोल, उष्ण दऱ्या ओलांडायच्या कोणी? डोंगर जणू बेटं झाली आणि प्रत्येक बेटावर गाणं वेगळं होत गेलं. मला त्यातला गाण्यांचा भाग सगळ्यात आवडला. पिसांवरून चाललेला वाद कानांनीही लढवायचा, ही कल्पनाच किती सुरेख!

पिसांवर विसंबायचं नाही हे तर यांच्या भावकीतल्या अ‍ॅटलापेटेस पक्ष्यांनी आणखी ठासून सांगितलंय. अँडीजमध्ये यांच्यात पिवळ्या पोटाचेही आहेत आणि राखाडी पोटाचेही. साहजिकच पिवळे ते पिवळ्यांचे नातेवाईक, राखाडी ते राखाडींचे, असं मांडून ठेवलं होतं. गार्सिया-मोरेनो आणि फ्येल्डसो यांनी १९९९ साली जनुकं पाहिली, तर शेजारचे पिवळे आणि राखाडीच सख्खे निघाले! दूरवरचे एकसारखे दिसणारे मात्र लांबचे. म्हणजे रंग इथे पुन्हा पुन्हा बदललाय.

आणि मग अ‍ॅटलापेटेस ब्लांके. कोलंबियातल्या आंतिओकियाचा हा पक्षी शास्त्राला माहीत झाला तोच संग्रहालयातल्या तीन जुन्या कातड्यांवरून. थॉमस डोनेगन यांनी २००७ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा जिवंत पक्षी कोणाला ठाऊकच नव्हता. नामशेष झाला असावा, अशी भीती होती. जानेवारी २०१८ मध्ये सान पेद्रो दे लोस मिलाग्रोसजवळ रोडोल्फो कोरेआ पेन्या यांना तो दिसला. कुठे? घनदाट रानात नव्हे, दुभत्या गुरांच्या कुरणांच्या आसपास उरलेल्या झुडपांत!

इथल्या सान होसेहून आंतिओकियातल्या मेदेयीनला जायला विमान आहे. तिकिटाचे दर बघून झालेत, घरी अजून सांगितलेलं नाही.