दुसऱ्या कुणाला सांगा ना, फादर!

देवाच्या पाचारणावर प्रवचन करताना आम्हा धर्मगुरूंची जीभ सहसा अडखळत नाही. कोळ्यांनी जाळी टाकली आणि ते तत्काळ येशूमागे गेले, असे आम्ही सांगतो व ऐकणाऱ्यांनाही ते पटते. मात्र मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी शिक्षक शोधू लागावे, तर चर्चच्या आवारात एकच उत्तर कानी पडते : ‘दुसऱ्या कुणाला सांगा ना, फादर!’

या उत्तराचा आम्हाला राग येत नाही. ते फार जुने आहे. जळत्या झुडपापुढे अनवाणी उभ्या असलेल्या मोशेने आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली. ती चालेना, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाठवावे अशी सरळ विनवणी केली. देव रागावला खरा, पण त्याने मोशेला सोडले नाही. सोबतीला अहरोन दिला. योना तर चकार शब्द न काढता तार्शीशच्या गलबतात जाऊन बसला!

तरीही आम्हाला अधिक जवळची वाटते ती संत जॉन मेरी व्हियानी यांची कथा. फ्रान्समधील दार्दिली गावी 1786 साली शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून सेमिनरीने त्यांना परत पाठविले. अखेर 1815 मध्ये गुरुदीक्षा लाभली, आणि 1818 मध्ये जेमतेम सव्वादोनशे वस्तीच्या आर्स गावी नेमणूक झाली. पुढे त्याच आडगावी प्रायश्चित्त संस्कारासाठी देशभरातून माणसांची रीघ लागली. दिवसाचे सोळा सोळा तास ते त्या लाकडी पेटीत बसत.

आणि हाच माणूस आर्समधून पळून जाऊ पाहत होता, एकदा नव्हे, अनेकदा! 1843 मध्ये ते थेट दार्दिलीला भावाच्या घरी पोहोचले. माणसे पाठोपाठ तेथेही गेली. 1853 मध्ये मध्यरात्री निघाले, तेव्हा सहायक धर्मगुरूने त्यांचे प्रार्थनापुस्तक काढून घेतले, चर्चची घंटा घणघणली, गावकऱ्यांनी वाट अडविली. आळस म्हणून ते पळत नव्हते. एवढ्या आत्म्यांचा भार पेलण्यास आपण अपात्र आहोत, कुठे तरी एकांतात आपल्या पापांसाठी रडावे, ही त्यांची तळमळ होती. इच्छा किती पवित्र! पण ती देवाची इच्छा नव्हती. त्या रात्री ते मुकाट्याने परतले आणि पुन्हा पेटीत जाऊन बसले. 1859 मध्ये आर्समध्येच त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, हे सारे आठवण्याचे निमित्त सांगून टाकतो. बिशपस्वामींचे एक पत्र आमच्या मेजावर आहे. जूनपासून डोंगरातील आदिवासी मिशनकेंद्रात जाल का, अशी त्यात विचारणा आहे. आमचे वय 56. गुडघे कुरकुरतात, रक्तात साखर आहे, आणि या वयात नवी बोली शिकायची! (मोशेची जड जीभ ती हीच असावी.) व्हियानींना राहायचे नव्हते, आम्हाला जायचे नाही. वरकरणी उलट दिसते; मुळात दोन्ही एकच.

धर्मग्रामातील काही प्रेमळ कुटुंबे बिशपस्वामींकडे शिष्टमंडळ नेण्यास सिद्ध झाली आहेत. आर्सच्या घंटेचा दाखला देऊन त्यांना होकार देणे सोपे होते. परंतु ती घंटा व्हियानींच्या मनाविरुद्ध वाजली होती. ही मात्र आमच्या मनाजोगी वाजते आहे, म्हणूनच तिचा भरवसा वाटत नाही. शिष्टमंडळाला आम्ही थांबविले आहे. मिशनकेंद्रातील धर्मगुरूंकडून वारली शब्दांची एक वही मागविली. कालपर्यंत तिची दोन पाने वाचून झाली.