जागा सोडावी काय?

सांगलीस विश्रामबागेत आम्ही राहत होतो ती जागा सोडावी की सोडू नये, या प्रश्नाने २०२३ सालचा सबंध ज्येष्ठ महिना आमच्या घरात ठाण मांडले होते. येथे ‘आम्ही’ म्हणजे लेखकमंडळींचा तो डौलाचा ‘आम्ही’ नव्हे, आम्ही उभयता. करारनाम्यावर सही आणि अंगठा आमच्यांपैकी एकाचाच असला, तरी महिन्याच्या पाच तारखेस भाडे दोघांनाही सारखेच आठवते.

निमित्त आनंदाचे होते. मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि तिला पुढील शिक्षणासाठी पुण्यास धाडावयाचे ठरले होते. फी, वसतिगृह, खानावळ असे आकडे एकाखाली एक मांडून झाल्यावर घरखर्चाची वही काढली. दूध, किराणा, वीज, विम्याचा हप्ता. प्रत्येक रकमेपुढे क्षणभर पेन्सिल थांबे व पुढे सरके. शेवटी ती एकाच रकमेपाशी येऊन अडली. घरभाडे, रुपये १३,०००.

अशा वेळी दलालास कसा वास लागतो कोण जाणे! गावभागात गणपतीच्या देवळापासून पाच मिनिटांच्या वाटेवर तीन खोल्या, मागे फरसबंद चौक, चौकात पारिजातक, आणि भाडे अवघे ७,५००. “आठ दिवसांत सांगा, मागणी फार आहे,” असे तो म्हणाला. मागणी फार असलेली जागा इतकी स्वस्त का, हे त्या वेळी आम्हांस सुचले नाही. गरजेच्या माणसाला सुचावयाच्या गोष्टी नेहमी दोन दिवस उशिराच सुचतात.

अडचण होती ती कराराची. आमचा करार १ जानेवारी २०२३ पासून तीन वर्षांचा, अनामत ६०,०००. त्यात एक कलम असे होते की, पहिल्या वर्षाच्या आत जागा सोडल्यास दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून कापून घ्यावे. त्यानंतर मात्र एक महिन्याची सूचना पुरे. या कराराला आपण सारे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतो. घरावर कोणताही हक्क न देता केवळ राहण्याची परवानगी देणारा हा कागद. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी असावा व नोंदलेला असावा अशी सक्ती केली, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकू येते. ती खरी नव्हे.

आमच्यांतील लेखणी धरणाऱ्याने एका रात्री हिशेब मांडला. महिन्याची बचत ५,५००, जुलैपासून मुदत संपेपर्यंतचे महिने ३०, एकूण १,६५,०००. त्यातून दंडाचे २६,०००, दलालीचे ७,५००, टेंपो व रंगरंगोटी ८,५०० वजा जाता १,२३,००० निव्वळ शिल्लक. हा आकडा त्याने खाली दोन रेघा ओढून दाखविला. ‘आम्ही’तील दुसऱ्या, घर चालविणाऱ्या अर्ध्याने तो चष्मा लावून पाहिला आणि म्हटले, “अहो, हा हिशेब तीस महिन्यांचा झाला. करार मोडायचा प्रश्न सहाच महिन्यांचा आहे. डिसेंबरअखेर थांबलो तर तेहेतीस हजार जास्त जातील; आज गेलो तर सव्वीस हजार दंड. दलाली आणि टेंपो काय, आज गेलो तरी लागणार, जानेवारीत गेलो तरी लागणार. म्हणजे शब्द मोडून हाती येणार सात हजार.”

हे खरे होते. पण गावभागातील घर सहा महिने आमची वाट पाहत बसणार नव्हते, हेही खरे होते. एका वकील स्नेह्यास विचारले, तर त्यांनी आणखी एक दार उघडून दिले. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे की, करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तेवढी रक्कम आपोआप पदरात पडत नाही. तो आकडा ही कमाल मर्यादा, आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. “तुमच्या मालकीणबाईंना महिन्याभरात दुसरा भाडेकरू मिळाला, तर त्यांचे नुकसान ते काय? भांडायला जागा आहे,” असे ते म्हणाले. घरी परतताना आमची पावले जरा जोराने पडत होती. ज्यांच्याशी वर्षभर एक कडू शब्द बोललो नव्हतो, त्यांच्याशी भांडावयास जागा आहे या वार्तेने आपल्याला बरे वाटावे, हे आठवले की आज ओशाळल्यासारखे होते.

मग आम्ही ते घर पाहावयास गेलो. पारिजातक होता, फरसबंदी होती, खोल्यांत उजेडही होता. दलालाने ओटा दाखविला, नळ दाखविला. आमचे लक्ष मात्र विजेच्या बटनांकडे गेले. ती सर्व डोक्याहून उंच, हात ताणून लावावी लागतील अशी बसविलेली होती. माळा प्रशस्त होता आणि त्यावर चढावयाचा जिना चांगला पक्का होता. भिंतीला नवा रंग होता. पण मागच्या बाजूस, जेथे रंगाऱ्याने हात आखडता घेतला होता, तेथे छातीइतक्या उंचीवर मातकट रेघ सरळ गेलेली होती.

“हे २०१९ चे,” दलाल म्हणाला. “तसे दर वर्षी काही येत नाही.”

सांगलीकराला यापुढे सांगावे लागत नाही. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसाला धोका. श्रावणात या गावी कुशलप्रश्नाआधी फूट विचारतात. २००५ साली पाणी घरांत शिरले, २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन फुटांवर गेले, आणि लोकांच्या भिंती वाळतात न वाळतात तोच २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. दर वर्षी येत नाही हे दलालाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. महिन्याला जे साडेपाच हजार वाचणार होते, ते कोणी आम्हांस भेट देत नव्हता; नदी कधी येईल त्या दिवसाच्या हिशेबात ते आगाऊ दिलेले होते.

परतताना रिक्षात आम्ही दोघेही गप्प होतो. स्वस्त भाड्याची आणखी एक जागा दोघांनाही ठाऊक होती, आणि तिचा विषय आम्ही सहसा काढीत नाही. ती साताऱ्याची.

साताऱ्यास यादोगोपाळ पेठेत एका वाड्यात आमच्या आजोबांनी १९५१ साली दोन खोल्या घेतल्या. भाडे अठरा रुपये. कागद नव्हता, मालक आणि आजोबा ओटीवर बसले, पान खाल्ले, ठरले. युद्धानंतर व फाळणीनंतर शहरांत जागांची जी भयंकर टंचाई झाली, तीत भाडेकरूंस संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा झाला होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, किंवा जागा त्यानंतर प्रथमच दिली असल्यास जे प्रथम ठरले, तेच प्रमाण भाडे. आणि नियमाने भाडे देणाऱ्यास बाहेर काढणे महाकठीण. त्या कायद्याने हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली, याबद्दल वाद नाही. आमचेही कुटुंब त्यांतच. मास्तरकीच्या पगारावर आजोबांनी पाच मुले शिकविली ती त्या अठरा रुपयांच्या बळावर.

परंतु साल बदलत गेले आणि अठरा रुपये बदलले नाहीत. आम्हांस आठवते तो काळ १९८० नंतरचा. आजोबा पाच तारखेस सकाळी स्नान करून मालकांकडे जात, दहाची नोट, पाचाची नोट व सुटे तीन रुपये त्यांच्या हातावर ठेवीत आणि पावती मागून घेत. पावत्यांचा तारेत ओवलेला जुडगा देवघराशेजारी टांगलेला असे. साताऱ्याचा पाऊस, आषाढ लागला की माजघरात तीन ठिकाणी गळे. खाली पातेली, घमेले, एक पितळी तांब्या. रात्री त्यांचा निरनिराळा सूर लागे आणि आम्हां मुलांस त्याची मौज वाटे. आजोबा कौले फिरवून द्या म्हणून मालकांस सांगत. एकदा मालक, तसे ते अतिशय मवाळ गृहस्थ, एवढेच म्हणाले, “मास्तर, वर्षाच्या तुमच्या भाड्यात कौलारू माणसाचा चार दिवसांचा रोज भागतो. कौले कशाची आणू?” आजोबांनी उत्तर दिले नाही. मात्र पावती घेतली.

मागची भिंत १९९२ च्या पावसात खचली. १९९४ साली वडिलांनी जागा सोडली, तीही फुकट नव्हे. जागा रिकामी करून देण्याबद्दल मालकांकडून त्यांनी चाळीस हजार रुपये घेतले. कायदा आपल्या बाजूचा आहे, दावा लावला तर वीस वर्षे चालेल, असे सांगणारा एक वकील स्नेही तेव्हाही होताच. त्या चाळीस हजारांतून शाहूपुरीतील आमच्या घराचा स्लॅब पडला. आज तेथे आमचे थोरले बंधू राहतात. पुढे १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेच ही गोठविलेली भाडी अन्यायाची ठरविली, आणि २००० सालापासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला शेकडा चार वाढीची मुभा दिली. वाडा त्यापूर्वीच उतरविला गेला होता.

वडील वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, याची आम्हांस खात्री देता येत नाही; म्हणूनच तो विषय निघत नाही. अठरा रुपयांपलीकडचे भाडे त्रेचाळीस वर्षे कोणी तरी भरीत होते, एवढे मात्र त्या रिक्षात दोघांनाही दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या निकालाचे पेढे घेऊन खाली काकूंकडे गेलो. काकू म्हणजे आमच्या मालकीणबाई. वय सत्तरीच्या पुढे, यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा परदेशी. पेढा घेऊन त्यांनी मुलीस बोलावून घेतले, तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली. आम्ही चाचरत बोलावयास आरंभ केला. काकू ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, “मुलीच्या शिक्षणासाठी म्हणता, तर ते दोन महिन्यांचे मी काही कापून घेणार नाही. पण साठ हजार आत्ता माझ्याजवळ नाहीत हो. गुडघ्याला लागले. नवे बिऱ्हाड आले की त्यांच्याकडून घेऊन देईन. दिवाळी होईल कदाचित.” इतके बोलून त्या पेढ्याचा कागद नीट घडी घालून ठेवू लागल्या.

आमचा सारा हिशेब कोसळला तो येथे. दंड गेला, सात हजारांचे तेहेतीस झाले, करार मोडावयास मालकीणबाईंचीच संमती मिळाली. भांडावयास जागा उरली नाही. जिना चढून वर येईपर्यंत आमच्यांपैकी कोणीही बोलले नाही. वर आल्यावर घर चालविणाऱ्या अर्ध्याने चहा टाकला आणि पाठमोरेच विचारले, “डिसेंबरपर्यंत काढता येईल ना?” लेखणी धरणारा अर्धा म्हणाला, “काढू.” ज्येष्ठभर चाललेला वाद एवढ्यावर संपला.

हे आम्ही काकूंसाठी केले, की साताऱ्याच्या मालकांसाठी, की केवळ त्या भिंतीवरील रेघेच्या भीतीने, हे आम्हांस आजही वेगळे करून सांगता येत नाही. थोरपणाचा त्यात फारसा भाग नसावा. कारण पुढे स्कूटर विकावी लागली, तेव्हा दोघांचीही चिडचिड चांगली पंधरा दिवस चालली होती. काकूंनी भाडे कमी केले नाही, आम्हीही मागितले नाही.

आणि त्या वर्षी पूर आलाच नाही. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला. गणपतीत दर्शनास गेलो तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. दारास तोरण होते, आतून आरती ऐकू येत होती, चौकात लहान मुलाचे कपडे वाळत होते. महिना ७,५०० देऊन ते कुटुंब सुखाने नांदत होते आणि पारिजातकाचा सडा त्यांच्या अंगणात पडत होता. आम्ही काही बोललो नाही. प्रसादाची पुडी मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती उगाच दोनदा गेली.

हिवाळ्याच्या तोंडाशी तर सांगलीजवळ कृष्णेचे पात्रच उघडे पडले, आणि कोयनेचे पाणी सोडा म्हणून सांगलीहून साताऱ्याकडे मागण्या जाऊ लागल्या. अशाच एका संध्याकाळी आयर्विन पुलावरून येताना आम्ही कठड्याशी थांबलो. फुटांच्या खुणांपैकी वरच्या आकड्यांकडे सारे गाव पाहते. खालचे आकडे आम्ही तेव्हा प्रथमच पाहिले. चिखलाने माखलेले, नीट वाचताही न येणारे.

“किती फूट आहे हो?” दुसऱ्या अर्ध्याने विचारले.

मोजता येईना. काकूंचे भाडे उद्या द्यावयाचे आहे, याची आठवण झाली आणि आम्ही बसस्थानकाकडे निघालो.