झवेरी बाजार ते टांकसाळ

मुंबईत सोने पाहायचे असेल तर मुंबादेवीच्या देवळापासून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत यावे, आणि तेही धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात. गल्ली ती केवढी! दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की सारा बाजार खोळंबतो. खाली काचेआड झगमगाट, आणि वरच्या कोंदट खोल्यांतून बंगाली कारागीर माना खाली घालून दागिन्यांना डाख देत बसलेले. इथल्या झारेकऱ्यांना तर केरही प्यारा, कारण त्या धुळीत सोन्याचे कण सापडतात. अशा या बाजारात जुन्या मोहरेची पारख चुटकीसरशी होईल, असे कुणालाही वाटावे.

यंदा आत्याला घेऊन मी तिथे गेलो होतो. आत्या गिरगावात राहते, वय ब्याऐंशी. तिच्या देवघरातल्या चांदीच्या डबीत दोन गिन्या आणि सात पुतळ्या आहेत, त्या लक्ष्मीपूजनाला तेवढ्या बाहेर निघतात. एक गिनी सासूबाईंनी दिलेली, दुसरी सासऱ्यांनी १९५८ साली बाजारातून घेतलेली. आता दोघी मुलींना एकेक देऊन टाकायची, असे तिने ठरवले होते. "माझ्यामागे वाटणीवरून वाकडा शब्द निघायला नको," एवढेच तिचे म्हणणे. देण्याआधी दोन्ही उजळून घ्यायच्या होत्या.

सराफ वयस्क आणि सबुरीचे. त्यांनी काळ्या कसोटीवर दोन्हींच्या कडा हलकेच ओढल्या आणि रेघांवर तेजाबाचा थेंब टाकला. दोन्ही रेघा तशाच राहिल्या. मग क्ष-किरणांच्या यंत्रात नाणी ठेवली. मिनिटभरात दोन्हींचा कस बावीस कॅरट निघाला. पण यंत्र वरच्या थराचेच सांगते, म्हणून त्यांनी एकेक गिनी दोऱ्याने पाण्यात टांगून तोलली. बाहेर सुमारे ७.९८ ग्रॅम भरणारी गिनी पाण्यात ०.४५ ग्रॅमने हलकी होते. पोटात हलकी धातू असती तर ही तूट वाढली असती.

"आजी, सोन्यात फरक नाही," ते म्हणाले. "पण उजळायची घाई करू नका. मी सोन्याचा माणूस, नाण्याचा नव्हे. कोटात एक जाणकार आहेत, त्यांना दाखवा."

कोटात शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या समोर, दगडी खांबांची एक भारदस्त इमारत आहे. हीच मुंबईची टांकसाळ; १८२९ साली बांधून पुरी झालेली. पहिल्या महायुद्धात रुपयासाठी चांदी पुरेना, तेव्हा १९१८ साली इथे आधी पंधरा रुपयांच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या गेल्या, आणि मग इंग्लंडच्या शाही टांकसाळीची शाखा याच आवारात निघून खुद्द सॉव्हरिन, म्हणजे आपली गिनी, पडू लागली. १९१८ सालाच्या अशा सुमारे तेरा लाख गिन्या निघाल्या. पुढच्या वर्षी शाखा बंद झाली.

जाणकारांची खोली जवळच होती. त्यांनी सासूबाईंची गिनी हातात घेतली, तीसुद्धा कडेने धरून. मग भिंग आत्याच्या हाती देत म्हणाले, "घोड्याच्या पायांखाली जमीन आहे ना? तिच्यावर, सालाच्या बरोबर वर पाहा."

"बारीकशी उभी रेघ दिसते."

"ते इंग्रजी आय अक्षर. इंडियाचे. तुमची गिनी इथे समोरच जन्मली."

आत्या खिडकीतून टांकसाळीकडे पाहतच राहिली. दुसऱ्या गिनीवर साल होते १९१२. ती भिंगाखाली गेली आणि जाणकारांचा चेहरा बदलला. ते समजावून सांगू लागले. नाणे हाताळून झिजले की आधी उंचवटे सपाट होतात, राजाची भुवई, घोड्याची मांडी. पण खोलातल्या रेघा तीक्ष्ण राहतात. इथे खोलातल्या रेघाही बुळबुळीत होत्या. अक्षरे फुगीर, मोकळ्या जागेत बारीक फोड, आणि कोरक्या पिस्त्रुचीची आद्याक्षरे गिजबिजलेली. कडेचे दातेही एकसारखे नव्हते. १९५० नंतरच्या काळात इटलीत आणि लेबनॉनमध्ये अशा गिन्या पुष्कळ पाडल्या जात. सोने पुरेपूर घालत. कारण गिनीला सोन्याहून जो चढा भाव मिळे, तोच त्यांचा नफा.

"म्हणजे मी एकीला खरी नि एकीला खोटी देणार होते?"

"सोने दोन्हींचे खरे आहे, आजी. नाणे एकच खरे."

पुतळ्यांचीही हकीकत निघाली. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाट. १२८४ पासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत पडत राहिलेले, साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ निव्वळ सोन्याचे नाणे. त्यावर संत मार्कपुढे तिथला राज्यप्रमुख गुडघे टेकून बसलेला असतो. व्यापाराबरोबर ते इकडे आले, आणि आपल्या सोनारांनी तसेच ठसे पाडले. रोमन लिपी न कळल्यामुळे अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या उरल्या. आत्याच्या सातही पुतळ्या अशाच देशी. शिवाय त्यांना कड्या डाखलेल्या. दागिना म्हणून सुरेख, पण संग्राहक डाखलेल्या नाण्याला हात आखडता घेतो.

आता प्रत. नाण्याची प्रत १ ते ७० अशा गुणांत मोजण्याची रीत शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली काढली. ठशाच्या दाबाने सोने कडेकडे सरकते आणि पृष्ठावर रेशमासारखी झाक उमटते. नाणे प्रकाशात फिरवले की ती चक्राकार फिरताना दिसते. उजाळा दिला, की पहिली जाते ती हीच झाक, आणि ती पुन्हा आणता येत नाही. सासूबाईंच्या गिनीवर ती अजून होती. तिच्यावरचा तांबूस काळेपणा बावीस कॅरटातल्या तांब्याचा, वयाबरोबर आलेला.

जिना उतरताना आत्या गप्प होती. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "मुंबईची गिनी थोरलीला. धाकटीला दुसरी गिनी, आणि वर पुतळ्या किती घालायच्या ते दोघींना समोर बसवून ठरवू. दोघींना सगळे सांगायचे, काही लपवायचे नाही."

तर वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाला डबीतले जुने नाणे बाहेर काढाल, तेव्हा त्याला चिंच, रिठे नि राखुंडी यांपासून दूर ठेवा. मऊ कापडावर ठेवा, कडेने उचला, हळदकुंकू शेजारी वाहा. सोन्याचा कस कधीही काढता येईल. शंभर वर्षे टिकलेला चेहरा मात्र एकदा घासला की गेलाच.