शिकारीचे रान, नदीचे पाणी

आमच्या सदलग्याच्या दूधगंगेचे पाणी राधानगरीच्या डोंगरांतून येते. तिथले दाजीपूरचे रान एकेकाळी कोल्हापूर छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. दरबारी शिकारीसाठी राखले, म्हणून कुऱ्हाडीपासून वाचले, असा हा उलटा न्याय! १९५८ साली तिथे गव्यांचे अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने बंदुकांना चाप बसला. आता हौशी मंडळी जीपमधून गवे पाहायला जातात.

मराठीत गवा, कन्नडमध्ये काडुकोण; जनावर एकच. पण ते रानाकाठचे पीक तुडवते, तेव्हा नुकसान एकट्या शेतकऱ्याचे. काल राजाच्या छंदाची, आज आपल्या सहलीची किंमत तोच मोजतो. त्याची भरपाई वेळेवर पोचली, तर तो रान राखील. आणि रान राहिले, तरच आपल्या उसाला पाणी.