फ्लूची भाऊबंदकी

तर झालं असं. गेल्या शनिवारी आठवडाभराची झोप वसूल करायच्या बेतात होतो, तेवढ्यात नवापूरहून मामाचा फोन. त्याची तिथे अंड्यांची पोल्ट्री आहे. आवाज पार बसलेला, दर दोन वाक्यांमागे खोकला. तीन दिवस ताप आहे म्हणाला. आणि मग सहज, "मरतूकपण जरा वाढलीय रे परवापासून. पोरं सुट्टीवर गेलीत, मीच जातोय शेडमध्ये."

मी ताडकन उठून बसलो. "मामा, ताप असताना शेडमध्ये जाऊ नकोस."

"का? माझा खोकला कोंबड्यांना लागणार आहे?"

आता नवापूर म्हटलं की आमच्या घरात २००६ चा फेब्रुवारीच आठवतो. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. मी दुसरीत होतो. मामाच्या शेड रिकाम्या झाल्या आणि पुढे बरेच दिवस घरात कोणी अंड्यांचा विषयही काढत नव्हतं. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. त्यामुळे पक्ष्यांच्या आजारांवर मी मामाला शिकवणं म्हणजे आगाऊपणाच. मला काळजी होती ती त्याच्या घशाची.

फ्लूच्या विषाणूची जनुकं एका सलग धाग्यावर नसतात, आठ सुटे तुकडे असतात. आमच्या भाषेत आठ फाईली. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू घुसले, तर दोघांच्याही फाईलींच्या प्रती निघतात आणि नवा विषाणू बांधताना कुठली फाईल कोणाची याची सरमिसळ होते. आठ जागा, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे २५६ जोड्या. त्यातल्या दोन मूळच्याच, उरलेल्या २५४ नव्या. बहुतेक निकामी निघतात. दोन ब्रँच डोळे मिटून मर्ज केल्यावर बिल्डचं जे होतं तेच. पण एखादी जोडी चालते. १९५७ च्या साथीतल्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांच्या फ्लूचे होते, १९६८ च्या साथीत दोन. २००९ चा स्वाइन फ्लूही असाच, सहा तुकडे अमेरिकेतल्या डुकरांच्या फ्लूकडून आणि दोन युरोपातल्या. त्याचा देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या पुण्यात गेला. मी सहावीत होतो. शाळा बंद, आणि अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं.

मला वाटायचं, हे विषाणू म्हणजे एकमेकांचे भाऊ, मिळून हल्ला करत असतील. छे! पक्की भाऊबंदकी आहे. फ्लू पेशीला चिकटतो तो तिच्यावरच्या सियालिक ॲसिड नावाच्या साखरेला धरून. आत शिरलेला पहिला विषाणू काय करतो, तर न्यूरामिनिडेज नावाचं विकर बनवून तीच साखर छाटून टाकतो. म्हणजे दाराची कडीच उपटली. मागून आलेल्या भावाला धरायला काही उरत नाही. दोघं आत सापडायला दुसऱ्याने पहिल्याच्या मागोमाग, काही तासांतच यावं लागतं.

शिवाय लागण झालेली पेशी शेजारणींना सावध करते ते वेगळंच. ते इंटरफेरॉन आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना १९५७ मध्ये सापडलं, तेही एक फ्लू दुसऱ्याला का अडवतो हे शोधतानाच.

वर बर्ड फ्लूला जी कडी नीट बसते ती माणसाच्या घशात फारशी नसतेच, फुफ्फुसात खोल असते.

मग मी एवढा का घाबरलो? कारण ती काही तासांची फट एका पेशीपुरती असते. ताप भरात असताना रोज नव्या पेशी पकडल्या जातात, म्हणजे कुठेतरी फट उघडीच. आणि लाखात एकदा येणारा बग प्रॉडक्शनला रोज येतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको. अमेरिकेत २०२४ मध्ये गायींमध्ये बर्ड फ्लू पसरला, तेव्हा गोठ्यांतल्या आणि पोल्ट्रीतल्या कामगारांना नेहमीच्या फ्लूची लस द्यायचं ठरलं. ती लस बर्ड फ्लू अडवत नाही. निदान दुसरा पाहुणा तरी घरात नको, एवढाच हिशोब.

मामाला हे सगळं सांगणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "तुझा खोकला कोंबड्यांना लागायचा प्रश्न नाही. त्यांना खरंच फ्लू असेल तर तो तुझ्यात येईल, आणि तिथे तुझा आधीच बसलाय."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या घशात सोयरीक जमवणार?"

"तसंच समज."

"आणि पक्ष्यांना पाणी कोण देणार, तू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात बसून सल्ले देणं सोपं असतं, हेही तो बोलला. बरोबरच आहे. मेलेले पक्षी तपासायला पाठव एवढं कबूल करून घेतलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मामीचा मेसेज आला. सँपल गेलं, डॉक्टर सोमवारी सांगतो म्हणाले. पोरांपैकी एकाला सुट्टीवरून परत बोलावलंय, तो मास्क लावून खाद्य टाकतोय. हे ओट्यावर बसलेत, चिडलेत. शेडची किल्ली माझ्या कमरेला.